आसाकुसा कसे पाहावे: टोकियोतील कान्नोनच्या क्षेत्री पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टोकियोला जाणारे बहुतेक प्रवासी आसाकुसाला पोहोचतात, मोठ्या लाल कंदिलाखाली छायाचित्र काढतात, बाजारातून एक फेरी मारतात, देवळासमोर हात जोडतात आणि तासाभरात परत फिरतात. त्यांनी जे पाहिले ते सुंदर असतेच. पण त्यातील जवळजवळ प्रत्येक मोठी वास्तू दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली असते, आणि खरोखर जुन्या असलेल्या वास्तू त्यांच्यापासून शंभर-दीडशे पावलांवर असूनही नजरेआड राहतात. शिवाय याच परिसराच्या ईशान्येला एका छोट्या टेकडीवर गजमुख देवतेचे जागृत स्थान आहे, हेही पुष्कळ भारतीयांना ठाऊक नसते. सेन्सो-जी हे मंदिर आणि त्याभोवतीची आसाकुसाची वस्ती अर्ध्या दिवसात नीट कशी पाहावी, कोणत्या क्रमाने चालावे, कोठे थांबावे आणि कोठे काय करावे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

निघण्यापूर्वी एवढे माहीत असावे

मंदिराच्या आख्यायिकेनुसार ६२८ साली, मार्चच्या १८ तारखेला, हिनोकुमा हामानारी आणि हिनोकुमा ताकेनारी या दोन कोळी भावांच्या जाळ्यात आजच्या सुमिदा नदीत एक छोटी मूर्ती आली. ती मूर्ती कान्नोनची, म्हणजेच अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची आहे, हे गावचा प्रमुख हाजी नो नाकातोमो याने ओळखले. पुढे त्याने स्वतःच्या घराचेच मंदिर केले आणि उरलेले आयुष्य तिच्या सेवेत घालवले. ६४५ साली शोकाई नावाचे भिक्षू येथे आले, त्यांनी देऊळ बांधले आणि मूळ मूर्ती कायमची गुप्त ठेवण्याचा नियम घातला. हा नियम आजही पाळला जातो, त्यामुळे ज्या मूर्तीसाठी दरवर्षी कोट्यवधी लोक येथे येतात ती मूर्ती कोणीही पाहत नाही. नवव्या शतकात तेंदाई या बौद्ध पंथाच्या एन्निन या विख्यात भिक्षूने दर्शनासाठी दुसरी मूर्ती घडवली असे मानतात. तिचे दर्शनही वर्षातून एकदा, १३ डिसेंबरला, काही काळापुरतेच घडते. गाभाऱ्यात मूर्ती दिसली नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही, कारण न दिसणाऱ्या देवाचे दर्शन घेणे हीच येथील रीत आहे.

अवलोकितेश्वर हा मराठी माणसाला परका नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी तोच. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आग, चोर, हत्ती, सिंह, साप, बुडणारे जहाज अशा संकटांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, आणि कान्हेरीच्या एक्केचाळिसाव्या लेण्यात त्याचे अकरा मुखांचे रूप आहे. सह्याद्रीतील व्यापारी मार्गांवर ज्याला संकटात हाक मारली जात होती, तोच बोधिसत्त्व मध्य आशिया, चीन आणि कोरियामार्गे जपानला पोहोचला, आणि तेथील कोळ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि कलावंतांचा देव झाला. हा धागा मनाशी ठेवून आसाकुसात पाऊल टाकले, तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

देवळाभोवती एवढी मोठी पेठ आणि करमणुकीची वस्ती का जमली, याची कारणे मात्र स्थानिक आहेत. १५९० साली तोकुगावा इएयासु, जो पुढे जपानचा शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश झाला, एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आला आणि त्याने सेन्सो-जीला आपल्या घराण्याचे प्रार्थनास्थान ठरवले. मंदिराच्या दक्षिणेला नदीकाठच्या कुरामाए येथे सरकारी तांदळाची कोठारे होती आणि सामुराईंचे वेतन तांदळात मिळत असल्यामुळे त्या तांदळाची खरेदी-विक्री करणारे धनाढ्य अडते जवळच राहत. १६५७ च्या भीषण आगीनंतर योशिवारा ही कलावंतिणींची वस्ती शहराच्या मध्यभागातून हलवून आसाकुसाच्या उत्तरेला वसवण्यात आली, आणि १८४० च्या दशकात शासनाने काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकाराची नाट्यगृहेही शहराबाहेर काढून मंदिराच्या पाठीशी आणली. अशा रीतीने एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला करमणूक आणि मध्ये देऊळ अशी रचना झाली. शासनाने ज्यांना शहराबाहेर घालवले, त्यांना कान्नोनच्या दारात जागा मिळाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

सम्राट मेजी याच्या काळात, १८७३ साली, मंदिराची जमीन सरकारी उद्यान म्हणून घोषित झाली आणि तिचे विभाग पाडले गेले. त्यांतील सहावा विभाग, रोक्कु, हा खेळ-तमाशांसाठी राखला गेला. येथेच १८९० साली र्‍योउनकाकु हा बारा मजली मनोरा उभा राहिला, ज्यात जपानमधील पहिले विजेवर चालणारे उद्वाहन होते. १९०३ साली येथेच देशातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह सुरू झाले. आणि ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते आसाकुसा अशी जपानमधील पहिली भुयारी रेल्वे धावली. १९२३ च्या भूकंपात तो मनोरा मोडला, पेठ जळाली, पण १६४९ साली बांधलेला मंदिराचा मुख्य सभामंडप वाचला आणि लोकांची श्रद्धा आणखी दृढ झाली. तो सभामंडप वाचू शकला नाही तो १० मार्च १९४५ च्या रात्रीच्या बॉम्बहल्ल्यात. त्या एका रात्रीत पूर्व टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली. आज जे दिसते ते त्यानंतर देशभरातल्या लोकांच्या देणग्यांतून उभे राहिलेले आहे.

केव्हा आणि कसे जावे

शक्य असेल तर सकाळी सात-साडेसातला पोहोचावे. मुख्य सभामंडप सकाळी सहाला, आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात साडेसहाला, उघडतो व संध्याकाळी पाचला बंद होतो. आवार मात्र रात्रंदिवस खुले असते. दहा वाजल्यानंतर, विशेषतः शनिवारी-रविवारी, पेठेतून पुढे सरकणेही अवघड होते. रोज पहाटे मंदिर उघडताना, तसेच सकाळी दहाला आणि दुपारी दोनला ढोलाच्या गजरात सूत्रपठण होते. त्यांपैकी एका वेळी सभामंडपात असण्याचा योग साधावा, कारण नुसत्या वास्तूवरून या स्थानाची कल्पना येत नाही. ज्यांना पहाटे जमणार नाही त्यांनी दुपारच्या गर्दीपेक्षा रात्री जावे. मंदिराची दारे मिटलेली असली तरी उजळलेले मनोरे आणि शांत आवार पाहता येते.

आसाकुसा स्थानकावर गिन्झा मार्ग, तोएई आसाकुसा मार्ग आणि तोबू मार्ग येतात. नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवरून तोएई आसाकुसा मार्गाने थेट येणाऱ्या गाड्या मिळतात. गाडी कोणत्या स्थानकांवर थांबते ते मात्र फलकावर पाहून घ्यावे. एदोगावा भागातील निशी-कासाई येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तेथे मराठी कुटुंबेही राहतात. त्यांच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांनी तोझाई मार्गाने निहोनबाशीला यावे आणि तेथे गिन्झा मार्गाची गाडी धरावी. त्सुकुबा एक्सप्रेसचे आसाकुसा नावाचेच स्थानक वेगळे आहे आणि ते मंदिराच्या पश्चिमेला, रोक्कु भागात आहे. सोबतच्यांना भेटायची जागा ठरवताना हा फरक लक्षात न ठेवल्यास दोघे दोन स्थानकांवर वाट पाहत बसण्याची वेळ येते.

पहिला टप्पा: कामिनारीमोन

कामिनारीमोन, म्हणजे मेघगर्जनेचे दार, हे दक्षिणेचे बाह्य प्रवेशद्वार. समोर उभे राहिले असता उजवीकडे वायूचा देव फूजिन आणि डावीकडे मेघगर्जनेचा देव राइजिन दिसतो. पहिले दार दहाव्या शतकात बांधले गेले असे परंपरा सांगते. ते अनेकदा जळले. १८६५ च्या आगीनंतर तर पंचाण्णव वर्षे येथे कायमचे दारच नव्हते. आजचे दार १९६० सालचे असून ते मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीच्या देणगीतून उभे राहिले. आजारपणात त्यांच्यासाठी येथे प्रार्थना झाली होती आणि बरे झाल्यावर त्यांनी कृतज्ञतेने हे दार व कंदील अर्पण केला.

कंदिलाची उंची ३.९ मीटर, व्यास ३.३ मीटर आणि वजन सुमारे ७०० किलो आहे. बांबूच्या सांगाड्यावर कागद चढवून तो क्योतोत तयार करतात आणि साधारण दहा वर्षांनी बदलतात. वादळ येणार असेल किंवा मे महिन्यातील उत्सवात पालख्या खालून न्यायच्या असतील, तर तो घडी घालून वर उचलतात. येथे छायाचित्राची घाई करण्याआधी कंदिलाच्या बरोबर खाली जाऊन मान वर करावी. तळाच्या गोल लाकडी चकतीवर एक सुरेख ड्रॅगन कोरलेला आहे, आणि दारातून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोडे तिकडे पाहतात. दार ओलांडण्यापूर्वी किंचित झुकून नमस्कार करण्याची पद्धत आहे; आपणही तसेच करावे.

दारासमोरच्या रस्त्यापलीकडे पर्यटन माहिती केंद्राची आठ मजली इमारत आहे. वास्तुविशारद कुमा केंगो यांनी तिची रचना केली असून ती २०१२ साली उघडली. आठव्या मजल्यावरील सज्जा विनामूल्य आहे आणि तेथून दार, पेठ, दुसरे दार, पंचमजली पॅगोडा आणि मुख्य सभामंडप यांची सरळ मांडणी एका नजरेत दिसते. नवख्या माणसाने पाच मिनिटे तेथे घालवली, तर पुढच्या चालण्यात दिशेचा घोळ होत नाही.

दुसरा टप्पा: नाकामिसे

कामिनारीमोनपासून पुढच्या दारापर्यंत सुमारे अडीचशे मीटर लांबीची नाकामिसे ही पेठ आहे आणि तिच्या दुतर्फा सुमारे नव्वद दुकाने आहेत. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, मंदिराच्या आवाराची झाडलोट करण्याच्या मोबदल्यात आसपासच्या रहिवाशांना येथे दुकान मांडण्याची मुभा मिळाली, आणि त्यातून ही पेठ वाढली. १८८५ साली विटांची दुकाने झाली, ती भूकंपात पडली आणि १९२५ साली आजची रांग बांधली गेली. सकाळी लवकर गेल्यास दुकाने बंद असतात, पण त्याचा एक लाभ आहे: बंद झडपांवर आसाकुसाचे सण, ऋतू आणि जुनी दृश्ये रंगवलेली आहेत आणि दुकाने उघडली की ती दिसत नाहीत.

खरेदी येताना करावी, जाताना नाही. हाती पिशव्या घेऊन दर्शन घेणे अवघड जाते, आणि दहानंतर सगळी दुकाने उघडलेली असतात. खाद्यपदार्थ चालता चालता खाऊ नयेत. विकत घेतलेला पदार्थ दुकानासमोरच उभे राहून संपवावा, अशी विनंती बहुतेक दुकानांबाहेर लिहिलेली असते आणि स्थानिक लोक ती पाळतात. कचऱ्याचे डबे सहसा आढळत नाहीत, म्हणून जवळ एक रिकामी पिशवी ठेवावी.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. येथील खास मिठाई कामिनारी-ओकोशी ही फुलवलेला तांदूळ आणि साखरेचा पाक यांची, आपल्याकडच्या मुरमुऱ्याच्या वडीसारखी खुसखुशीत असते आणि घरी नेण्यासही सोयीची पडते. रताळ्याची इमो-योकान ही वडी रताळे, साखर आणि मीठ एवढ्याचीच असते. लालसर कडधान्याच्या गोड सारणाची, पॅगोडा किंवा कंदिलाच्या आकाराची निंग्यो-याकी आणि मेलोनपान हा मोठा गोल गोड पाव यांत मात्र अंडे असते. सोबा व उदोन या शेवया किंवा तेंपुरा ही भजी पाहून ‘यात फक्त भाज्या आहेत’ अशी समजूत करून घेऊ नये, कारण त्यांच्या रश्शात वा बुडवण्याच्या पाण्यात वाळवलेल्या माशाचा अर्क जवळजवळ नेहमीच असतो. पथ्य काटेकोर असेल, तर जपानी भाषेत लिहिलेली सूचना फोनमध्ये तयार ठेवावी आणि दुकानदाराला दाखवावी.

तिसरा टप्पा: होझोमोन आणि पॅगोडा

पेठ संपते तेथे होझोमोन हे दुमजली दार लागते. आजची वास्तू १९६४ सालची आहे आणि तिच्या वरच्या मजल्यात मंदिराचे ग्रंथभांडार जपलेले आहे. दारातून आत गेल्यावर मागे वळून पाहावे, कारण मागच्या भिंतीवर गवती पेंढ्याच्या दोन प्रचंड चपला टांगलेल्या आहेत. प्रत्येकीची लांबी ४.५ मीटर आणि वजन ५०० किलो. यामागाता प्रांतातील मुरायामा शहराचे लोक त्या पिढ्यान्‌पिढ्या वळून अर्पण करत आले आहेत. एवढी मोठी पादत्राणे घालणारा रक्षक आत आहे हे पाहून दुष्ट शक्ती पळून जाव्यात, ही त्यामागची कल्पना; चांगले चालता यावे म्हणून लोक त्यांना हातही लावतात.

डाव्या हाताला पंचमजली पॅगोडा आहे. त्याची उंची सुमारे ५३ मीटर असून आजची वास्तू १९७३ सालची आहे. त्यात श्रीलंकेतील इसुरुमुनिया विहाराकडून मिळालेला बुद्धधातू ठेवलेला आहे. युद्धापूर्वीचा पॅगोडा दुसऱ्या बाजूला, पूर्वेकडे होता. आत जाता येत नाही, त्यामुळे येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. होझोमोन, मुख्य सभामंडप आणि पॅगोडा या तिन्हींची कौले आता टायटॅनियमची आहेत, हे मात्र निरखून पाहण्यासारखे आहे: भूकंपात जड मातीची कौले घसरून माणसांवर पडू नयेत म्हणून हा बदल केला गेला आणि जुन्या कौलांची छटा तंतोतंत जपली गेली.

चौथा टप्पा: दर्शन

सभामंडपासमोर मोठे धुपाटणे आहे. शेजारी उदबत्त्यांची जुडी मिळते. ती पेटवून राखेत खोचावी आणि वर येणारा धूर हाताने आपल्या अंगावर ओढून घ्यावा. ज्याचे गुडघे दुखतात तो गुडघ्यांवर घेतो, विद्यार्थी डोक्यावर घेतो, आजीबाई नातवाच्या पाठीवर फिरवते. बाजूच्या पाण्याच्या ठिकाणी आधी डावा, मग उजवा हात धुवावा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन तोंड खळखळावे आणि पाणी बाहेरच्या बाजूला टाकावे. पळी तोंडाला लावू नये.

पायऱ्या चढून वर गेल्यावर छताकडे पाहावे. मधला ड्रॅगन कावाबाता र्‍यूशी यांनी आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या अप्सरा दोमोतो इन्शो यांनी रंगवल्या आहेत. नंतर दानपेटीत नाणे टाकावे, हात जोडावे, मान लववावी आणि मनातले मागणे मागावे. येथे टाळ्या वाजवू नयेत. टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात वाजवतात, बौद्ध मंदिरात नाही. पर्यटकांकडून होणारी ही सर्वांत सामान्य गफलत आहे. बूट काढून आतल्या चटईवर बसता येते, आणि सूत्रपठणाच्या वेळी तेथे बसणे हा वेगळाच अनुभव आहे. गाभाऱ्याच्या दिशेने छायाचित्रे काढू नयेत, आणि मागे रांग असेल तर फार वेळ मध्यभागी उभे राहू नये. बाजूला सरकून निवांत हात जोडता येतात.

बाहेर डावी-उजवीकडे ओमिकुजी, म्हणजे दैवाची चिठ्ठी, काढण्याची सोय आहे. शंभर येन पेटीत टाकावेत, धातूचा षट्कोनी डबा हलवून छोट्या भोकातून एक कांडी बाहेर काढावी, तिच्यावरील क्रमांक पाहावा आणि कांडी पुन्हा आत टाकावी. मग त्याच क्रमांकाचा लाकडी खण उघडून वरचा एक कागद घ्यावा. आकडे जपानी अक्षरांत असतात, म्हणून कांडी परत टाकण्याआधी त्या आकृतीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खणांवरच्या आकृतींशी ताडून पाहावे. कागदावर इंग्रजी अर्थही छापलेला असतो. सेन्सो-जीने जुनी पद्धत बदललेली नाही, त्यामुळे येथील शंभर चिठ्ठ्यांपैकी तीस अशुभ असतात. तशी चिठ्ठी आली तर घाबरू नये, जवळच्या तारेला ती बांधून ठेवावी. शुभ चिठ्ठी सोबत न्यावी.

पाचवा टप्पा: जे वाचले ते

येथवर पाहिलेले जवळजवळ सारे विसाव्या शतकातले होते. आता सभामंडपाच्या उजव्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे वळावे, कारण आसाकुसाचे खरे जुने अवशेष या बाजूला आहेत आणि माझ्या मते हाताशी असलेल्या वेळातला अर्धा तास तरी त्यांनाच द्यावा.

पहिले आसाकुसा देवस्थान. लोक त्याला सांजा-सामा म्हणतात. मूर्ती सापडलेले दोघे भाऊ आणि ती ओळखणारा गावप्रमुख, या तिघांची येथे देव म्हणून पूजा होते. तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सू याने १६४९ साली ते बांधले; भूकंप आणि बॉम्बहल्ला या दोन्हींतून ते वाचले. लाखेच्या तांबड्या रंगावर काल्पनिक प्राण्यांची चित्रे आहेत आणि जवळ गेल्यावर रंगाच्या थरांचे वय जाणवते. १८६८ नंतर शासनाने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी केली, त्यामुळे आज ही दोन स्वतंत्र संस्थाने आहेत; लोकांच्या मनात मात्र ती कधी वेगळी झाली नाहीत. येथे दोनदा झुकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा झुकावे.

त्याच्या पुढे नितेनमोन हे तांबडे दार आहे, १६१८ सालचे. तोकुगावा इएयासुच्या स्मरणार्थ आवारात एक देवस्थान बांधले गेले होते आणि हे त्याचे दार होते. ते देवस्थान १६४२ च्या आगीत गेले, दार राहिले. त्याच्या दोन बाजूंना आज जिकोकुतेन आणि झोचोतेन, म्हणजे धृतराष्ट्र आणि विरूढक हे भारतीय बौद्ध परंपरेतील दिक्पाल उभे आहेत. चारशे वर्षांपूर्वीचे लाकूड हाताच्या अंतरावर असूनही येथे गर्दी नसते.

सभामंडपाच्या आग्नेयेला एक जुना गिंको वृक्ष आहे. १९४५ च्या आगीत त्याचा बुंधा होरपळला, आणि त्या जळक्या खुणा अजूनही दिसतात. दर वसंतात त्याच खोडाला पालवी फुटते. होझोमोनच्या पूर्वेला बेंतेनयामा ही छोटी उंचवट्याची जागा आहे. तेथे १६९२ सालची घंटा आणि बेंतेनचे, म्हणजे सरस्वतीचे, देऊळ आहे. या सरस्वतीचे केस पांढरे आहेत, म्हणून तिला ‘म्हातारी बेंतेन’ असे प्रेमाने म्हणतात.

सहावा टप्पा: मात्सुचियामा शोदेन

नितेनमोनमधून बाहेर पडून पूर्वेला सुमिदा नदीच्या उद्यानापर्यंत जावे आणि नदी उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालावे. वाटेत कोतोतोइ पूल लागतो. १९४५ च्या त्या रात्री दोन्ही तीरांवरून पळणारे लोक या पुलावर अडकले आणि शेकडो माणसे तेथेच मेली. उद्यानात मृतांचे स्मारक आहे आणि त्याच्याजवळ जुन्या पुलाचे दगडही जपून ठेवले आहेत. तेथे क्षणभर थांबावे, आणि मग रस्ता ओलांडून पुढे जावे. सेन्सो-जीपासून ही सारी वाट दहा-पंधरा मिनिटांची आहे.

मात्सुचियामा शोदेन हे सेन्सो-जीचेच उपमंदिर असून त्याचे औपचारिक नाव होनर्‍यू-इन आहे. येथील मुख्य देवता कांगितेन, म्हणजे आपला विनायक. गूढ बौद्ध पंथाबरोबर नवव्या शतकात जपानमध्ये गेलेली ही देवता तेथे बहुधा आलिंगन दिलेल्या दोन गजमुख मूर्तींच्या रूपात घडवतात, आणि ती कधीही उघड दाखवत नाहीत. पुजारी बंद दाराआड मूर्तीला कोमट तेलाचा अभिषेक करतात. तिच्यासोबत येथे अकरा मुखांच्या कान्नोनची उपासना होते. कान्हेरीचे लेणे पाहिलेल्या माणसाला ही ओळख वेगळी सांगावी लागत नाही.

जास्वंद, दूर्वा आणि मोदक यांच्या जागी येथे पांढरा मुळा वाहतात. पायऱ्यांवर, दिव्यांवर, दारांवर सर्वत्र दोन मुळे आणि पैशाची पिशवी ही चिन्हे कोरलेली दिसतील: मुळा हे घरातील सलोख्याचे आणि निरोगी देहाचे, पिशवी हे व्यवसायातील भरभराटीचे प्रतीक मानतात. मुळा म्हणजे मनातला राग, तो देवापुढे ठेवून द्यायचा, अशीही मंदिराची शिकवण आहे. आवारातच मुळा विकत मिळतो. तो घेऊन सभामंडपात जावे, बूट काढावेत, मुळा ठरलेल्या जागी ठेवावा आणि मागे बसून नमस्कार करावा. आत छायाचित्रे काढू नयेत. वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून भक्तांना परत दिले जातात. बाहेर ठेवलेले असल्यास एक अवश्य घ्यावा आणि मुक्कामी त्याची भाजी किंवा कोशिंबीर करावी. ज्येष्ठांना पायऱ्या जड जात असतील, तर टेकडीवर नेणारी एक छोटी विनामूल्य गाडी आहे.

दरवर्षी ७ जानेवारीला येथे मुळ्याचा उत्सव होतो आणि उकडलेला मुळा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लावून सर्वांना वाटतात. सेन्सो-जीच्या आवारात हजारो लोक असताना येथे दहा-वीस माणसे भेटतात, आणि ती बहुतेक आसपासचे दुकानदार किंवा नवस फेडायला आलेली कुटुंबे असतात. गणपतीच्या भक्ताने आसाकुसात एकच अतिरिक्त गोष्ट करायची ठरवली, तर ती हीच असावी.

सातवा टप्पा: परतीची वाट

परतताना सभामंडपाच्या पश्चिमेकडून यावे. तेथे १८५३ साली फुलबाग म्हणून उघडलेले हानायाशिकी हे जपानमधील सर्वांत जुने मनोरंजन उद्यान आहे, आणि त्यापुढे रोक्कुचा रस्ता. चित्रपटगृहांचा काळ गेला, पण हास्यकथाकथनाचे नाट्यगृह अजून चालू आहे. स्वयंपाकाची हौस असलेल्यांनी आणखी दहा मिनिटे पश्चिमेला चालून काप्पाबाशी गाठावे: सुऱ्या, लोखंडी किटल्या, मातीची भांडी, आणि उपाहारगृहांच्या काचेत ठेवायचे मेणा-प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ यांची ही ठोक पेठ आहे. रविवारी तेथील बरीच दुकाने बंद असतात.

कोणते दिवस साधावेत, कोणते टाळावेत

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस सांजा उत्सव असतो. तिन्ही संस्थापकांच्या पालख्या आणि वस्त्यांच्या शंभरावर छोट्या पालख्या रस्त्यावर येतात. उत्सव पाहायचा असेल तर याहून मोठा योग नाही, पण शांत दर्शन हवे असेल तर ते दिवस टाळावेत. ९ आणि १० जुलैला दर्शन घेतल्यास ४६,००० दिवसांच्या दर्शनाचे पुण्य मिळते असे मानतात, आणि त्या दिवसांत आवारात कंदिलासारखी केशरी फळे येणाऱ्या होओझुकी रोपांचा बाजार भरतो. जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदा नदीवर आतषबाजी होते आणि रस्ते बंद केले जातात. १७ ते १९ डिसेंबरला हागोइता, म्हणजे रेशमी चित्रांनी सजवलेल्या लाकडी फळ्यांचा बाजार असतो. फळी विकली गेली की विक्रेते आणि गिऱ्हाईक मिळून तालात टाळ्या वाजवतात. नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत दर्शनाची रांग कामिनारीमोनच्याही बाहेर जाते, तेव्हा लहान मुले किंवा वृद्ध सोबत असल्यास ४ जानेवारीनंतरच यावे, आणि जमल्यास ७ तारखेपर्यंत थांबून मुळ्याचा प्रसादही घ्यावा.